एका रेकॉर्डवरून पुढच्या रेकॉर्डकडे: अडगळीतलं अ‍ॅम्बियंट, सायकेडेलिक आणि न्यू एज संगीत कसं शोधायचं

१९७९ मध्ये टास्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं यंत्र बाजारात आणलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करायची सोय त्यात होती. तोवर असं काम करायचं तर स्टुडिओ भाड्यानं घ्यावा लागे. आता एक सिंथेसायझर, एखादी बासरी आणि हे यंत्र एवढ्यावर घरच्या टेबलावर पूर्ण अल्बम होऊ लागला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, अनेकांनी असे अल्बम केले, स्वतःच्या खर्चानं त्यांच्या कॅसेट काढल्या आणि योगवर्गांत, अध्यात्माच्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा टपालानं विकल्या.

या संगीताचा शोध अवघड का, याचं उत्तर इथेच मिळतं. ते रेकॉर्डच्या दुकानात गेलं नाही, त्याची परीक्षणं फारशी आली नाहीत, रेडिओवर ते क्वचितच वाजलं. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या शिफारशी बऱ्याच अंशी ‘हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं’ यावर चालतात. चाळीसच लोकांनी ऐकलेल्या कॅसेटबद्दल अ‍ॅपला सांगण्यासारखं काही नसतं. पण त्या कॅसेटच्या आवरणावर माणसांची नावं छापलेली असतात: कुणी वाजवलं, कुणी मुद्रित केलं, कुणी काढलं. ती नावं धरून चालायचं, हीच खरी रीत. बाकीची साधनं तिच्या मदतीला.

सुरुवात प्रकारापासून नको, एका रेकॉर्डपासून

शोधखिडकीत ‘अ‍ॅम्बियंट’ असं टाइप केलंत की झोपेसाठीच्या याद्या आणि पावसाचे आवाज समोर येतील. त्याऐवजी तुम्हाला थांबवून ऐकायला लावणारा एकच अल्बम घ्या. एक वही उघडा आणि तीन गोष्टी लिहा: वर्ष, देश, आणि नक्की काय आवडलं. ‘छान, शांत’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘दुसऱ्या ट्रॅकमध्ये तिसऱ्या मिनिटाला येणारा घंटेसारखा सूर, त्याची लांब आस (विरत जाणारं शेपूट)’ असं लिहा. पुढे शंभर अनोळखी अल्बम समोर आले की हीच ओळ चाळणीचं काम करते.

तीन शब्दांतला फरक थोडक्यात. ‘अ‍ॅम्बियंट’ हे नाव ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोनं १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून रूढ केलं. हे संगीत जागेच्या वातावरणाचा भाग होऊन राहतं. न्यू एज संगीताला काम नेमून दिलेलं असतं: ध्यान, श्वसन, विश्रांती. त्यामुळे तुकड्याची लांबीही बऱ्याचदा त्या कामावरून ठरते. सायकेडेलिक संगीत ऐकण्याची जाणीवच वाकवतं. उलटी फिरवलेली टेप, टेप-एको, फेझर ही त्याची हत्यारं.

या भिंती पक्क्या मात्र नाहीत. लाराजी हा अमेरिकी वादक न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये झिदर हे तंतुवाद्य वाजवत असताना ईनोनं त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली, आणि त्यातून १९८० चा ‘डे ऑफ रेडियन्स’ ईनोच्या अ‍ॅम्बियंट मालिकेत तिसरा म्हणून आला. त्याच लाराजीच्या स्वतःच्या कॅसेट न्यू एजच्या खणात सापडतात. म्हणून कुठलाही शोध दोन्ही शिक्क्यांखाली करायचा.

नावांचा माग

यासाठी डिस्कॉग्स हे मुख्य हत्यार. २००० साली सुरू झालेली ही रेकॉर्डांची सूची वापरकर्त्यांनीच भरलेली आहे आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. पहिली चूक इथेच होते. अल्बमचं नाव शोधल्यावर आधी ‘मास्टर’ पान उघडतं. त्यात सगळ्या आवृत्त्या एकत्र असतात आणि श्रेयनामावली अनेकदा अपुरी असते. खालच्या यादीतून सर्वांत जुनी आवृत्ती उघडा. तिथे वादक, ध्वनिमुद्रक, स्टुडिओ, निर्माता, मुखपृष्ठकार अशी नावं मिळतात. छायाचित्रंही उघडून वाचा. आवरणाच्या मागच्या बाजूवरची काही नावं पानावर चढवायची राहून गेलेली असतात.

एक माग शेवटपर्यंत काढून बघू. बीज म्हणून हिरोशी योशिमुराचा १९८२ चा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ घेऊ. इलेक्ट्रिक पियानो, थोडा कीबोर्ड आणि भरपूर मोकळी जागा. तोक्योच्या हारा समकालीन कला संग्रहालयात तो वाजवला गेला. पानावर लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, दिसतं साउंड प्रोसेस आणि मालिकेचं नाव ‘वेव्ह नोटेशन १’. जिथे एक आहे तिथे दोन असणारच. लेबलच्या नावावर टिचकी मारली की ‘वेव्ह नोटेशन २’ मिळतं: सातोशी आशिकावाचा ‘स्टिल वे’, तोही १९८२ चा. लेबल चालवणारा माणूस हाच, १९८३ मध्ये अपघातात गेलेला. तिसऱ्या क्रमांकावर सात्सुकी शिबानोनं वाजवलेला एरिक सातीचा पियानो.

आता ‘स्टिल वे’च्या वादकांची यादी बघा. तिथे मिदोरी ताकादाचं नाव आहे. तिच्या पानावर गेलात की १९८३ चा ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ मिळतो: मारिंबा, घंटा, गाँग असं सगळं तिनं एकटीनं वाजवून थरावर थर चढवलेले. तिच्याच पानावर म्क्वाजू एन्सेम्बल नावाचा तालवाद्यांचा गट दिसतो. त्याचे १९८१ चे दोन्ही अल्बम, ‘म्क्वाजू’ आणि ‘की-मोशन’, यांवर काम करणारा संगीतकार आहे जो हिसाइशी, म्हणजे पुढे स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांमुळे जगभर गेलेला माणूस. शांत पियानोपासून आफ्रिकी वळणाच्या तालवाद्यांपर्यंत चार टप्प्यांत पोचलात. यातली एकही उडी मशीननं सुचवलेली नाही, प्रत्येक उडीला छापील पुरावा आहे.

सगळी नावं सारखी कामाची नसतात. मुख्य कलाकारापेक्षा ध्वनिमुद्रक आणि छोट्या लेबलचा मालक यांचा माग जास्त फळतो, कारण एका परिसरातलं संगीत त्यांच्या हातून जातं. जर्मन सायकेडेलिक आणि कॉस्मिक संगीताकडे वळायचं असेल तर कॉनी प्लांक या ध्वनिमुद्रकाचं एकच नाव कित्येक महिने पुरतं. क्लुस्टर, नॉय!, क्राफ्टवेर्क या गटांच्या सुरुवातीच्या कामावर त्याचा हात होता, आणि त्याच वर्तुळातून हँबर्गच्या स्काय रेकॉर्ड्सकडे वाट जाते. ‘क्लुस्टर अँड ईनो’ १९७७ मध्ये तिथूनच आला. याउलट मास्टरिंग करणारा आणि रेकॉर्ड छापणारा कारखाना ही नावं सोडून द्या. त्यांच्या हातून हजारो असंबद्ध रेकॉर्ड गेलेल्या असतात.

आणखी एक खड्डा. एकाच नावाची दोन माणसं असली की डिस्कॉग्स नावापुढे कंसात आकडा लावतं. तो न बघता पुढे गेलात तर बासरीवादकाच्या जागी कुठल्यातरी रॉक ड्रमरचा माग काढत बसाल. तीन टप्पे झाले की थांबा आणि सापडलेलं ऐका. न ऐकता चाललेली साखळी म्हणजे नुसती यादी.

चाळण्या कशा लावायच्या

बीज हाताशी नसेल किंवा माग आटला असेल तर डिस्कॉग्सच्या सविस्तर शोधात शैली, वर्ष, देश आणि स्वरूप असे चार निकष एकत्र लावा. शैलीत न्यू एज, स्वरूप कॅसेट, देश अमेरिका, वर्ष १९८२ असं लावून बघा. मग लेबलच्या जागी ‘नॉट ऑन लेबल’ घाला. कलाकारानं स्वतःच काढलेल्या प्रती या नावाखाली नोंदवतात, म्हणजे घरगुती न्यू एजचं कोठारच. सायकेडेलिकच्या बाजूला क्राउटरॉक (१९७० च्या दशकातलं जर्मन प्रायोगिक रॉक), स्पेस रॉक, सायकेडेलिक रॉक, आणि सिक्वेन्सरच्या (ठरलेले सूर पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राच्या) लांबलचक प्रवासांसाठी बर्लिन-स्कूल ही शैलीनावं वापरा.

प्रत्येक पानावर दोन आकडे असतात: किती जणांकडे आहे आणि किती जणांना हवं आहे. चाळीस जणांकडे आणि नऊशे जणांना हवं, तर ते प्रसिद्ध झालेलं आहे, फक्त महाग. वीस जणांकडे आणि पंधरा जणांना हवं, तिथे थांबा. ढोबळमानानं ‘आहे’ शंभराच्या आत आणि ‘हवं’ पन्नासच्या आत असेल तिथे अजून कुणी नीट खणलेलं नसतं. त्यातलं बरंचसं सामान्य असतं, हे गृहीत धरूनच बसा. दहात एक चांगलं निघालं तरी तो दिवस सार्थकी लागला.

रेट युअर म्युझिक या अल्बमांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावरही प्रकार आणि वर्षांचा पट्टा निवडून क्रमवाऱ्या काढता येतात. नेहमीच्या ‘सर्वोत्तम’ऐवजी ‘एसोटेरिक’ हा पर्याय घेतला की कमी लोकांनी ऐकलेलं पण चांगले गुण मिळालेलं वर येतं. तिथले प्रकार फार बारीक कातलेले आहेत. अ‍ॅम्बियंटखाली डार्क, स्पेस, ट्रायबल अशा फांद्या मिळतात, त्यामुळे नुसती ती झाडाची रचना वाचूनही शोधायला नवे शब्द मिळतात.

कानानं काळ ओळखता आला तर चाळणी आणखी बारीक होते. यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये आला आणि काचेच्या घंटेसारखा स्वच्छ, काहीसा थंड सूर सगळीकडे ऐकू येऊ लागला. १९८७ मध्ये रोलँड डी-५० आला आणि सुराच्या सुरुवातीला श्वासाचा किंवा आघाताचा खरा नमुना जोडलेला ऐकू येऊ लागला. १९८८ मध्ये कॉर्ग एम १. तुम्हाला ऊबदार, किंचित डळमळता सूर आवडत असेल तर १९८३ च्या आधीची वर्षं खणा. काचेचा सूर आवडत असेल तर त्यानंतरची.

संकलनं: दुसऱ्यांनी आखलेले नकाशे

जुनं संगीत शोधून, हक्कधारकांना गाठून पुन्हा काढणारी लेबलं आहेत. त्यांच्या संकलनाची पुस्तिका हा शोधणाऱ्याचा मोठा आधार. लाइट इन द अ‍ॅटिकची तीन संकलनं आधी ऐका. ‘आय अ‍ॅम द सेंटर’ (२०१३) मध्ये १९५० ते १९९० दरम्यानचं अमेरिकेतलं स्वखर्चानं काढलेलं न्यू एज आहे, ‘द मायक्रोकॉझम’ (२०१६) मध्ये युरोपातलं, आणि ‘कान्क्यो ओंगाकु’ (२०१९) मध्ये १९८० च्या दशकातलं जपानी पर्यावरण-संगीत. संकलन वाजवताना वही जवळ ठेवा. प्रत्येक कलाकाराचा एकच तुकडा असतो, पण त्या तुकड्यामागे पूर्ण अल्बम उभा असतो. वीसपैकी जे तीन मनात राहतात तेवढ्यांचाच माग काढा.

पुढे लेबलनिहाय जाता येतं. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं जोआना ब्रूकचं काम २०१६ मध्ये ‘हिअरिंग म्युझिक’ म्हणून काढलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझिक फ्रॉम मेमरीनं इटलीच्या जिजी मासीनला पुन्हा ऐकणाऱ्यांसमोर आणलं. सॅन फ्रान्सिस्कोत राहिलेल्या, दृष्टिहीन असलेल्या पॉलिन अ‍ॅना स्ट्रॉम या संगीतकर्तीचं १९८० च्या दशकातलं काम २०१७ मध्ये ‘ट्रान्स-मिलेनिया म्युझिक’ म्हणून पुन्हा निघालं. त्याआधी ते मूठभर लोकांपुरतंच होतं, ही गोष्ट ऐकताना खरोखर अस्वस्थ करते.

सायकेडेलिक आणि प्रायोगिक बाजूला एक जुना नकाशा अजून तितकाच कामाचा आहे. नर्स विथ वूंड या ब्रिटिश गटानं १९७९ च्या पहिल्या अल्बमसोबत २९१ नावांची यादी छापली होती. वर्णन काही नाही, नुसती वर्णानुक्रमे नावं. आज ती इंटरनेटवर सहज मिळते. रोज दोन नावं घेतली तरी पाच महिने जातील. वर्णानुक्रमानं जाऊ नका. देशानुसार पाडून घ्या आणि एका वेळी फ्रान्स किंवा जर्मनी असं धरा, म्हणजे वादकांचे आपसातले संबंध दिसू लागतात.

रेडिओ, बँडकॅम्प, यूट्यूब

रेडिओचा फायदा असा की निवडणारा माणूस असतो. ‘हार्ट्स ऑफ स्पेस’ हा कार्यक्रम १९७३ मध्ये बर्कलीच्या केपीएफए केंद्रावर सुरू झाला आणि न्यू एजला श्रोते मिळवून देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. सोमाएफएम हे सॅन फ्रान्सिस्कोचं जाहिरातमुक्त इंटरनेट रेडिओ केंद्र. त्यावरच्या ‘ड्रोन झोन’ आणि ‘डीप स्पेस वन’ या वाहिन्या कामाच्या आहेत. लंडनच्या एनटीएस या इंटरनेट रेडिओचे जुने कार्यक्रम वाजलेल्या गाण्यांच्या यादीसह जपलेले असतात. तिथे तुमच्या बीज-कलाकाराचं नाव शोधा. ज्यानं ते वाजवलं त्या निवेदकाचे बाकीचे कार्यक्रम ऐका.

रेडिओवर काही आवडलं आणि शझॅम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप लावलं तर बहुतेकदा ते हात टेकतं. त्यालाही कारण आहे. शझॅम ध्वनीच्या आलेखातली ठळक शिखरं उचलतं आणि त्यांचा ठसा आपल्या संग्रहाशी जुळवतं. संथ ड्रोनमध्ये, म्हणजे लांबच लांब धरलेल्या सुरात, अशी टोकदार शिखरं कमी, मिश्रणात दोन रेकॉर्ड एकमेकांवर चढवलेल्या, आणि स्वखर्चानं काढलेली कॅसेट संग्रहातच नाही. म्हणून वेळ टिपा, कार्यक्रमाची यादी बघा, आणि यादी नसेल तर निवेदकाला नेमकं मिनिट सांगून विचारा. असं विचारलेलं बहुतेकांना आवडतं.

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर शैलीच्या शिक्क्यांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे अल्बमखाली दिसणारे खरेदीदारांचे छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनामागे एका माणसाचा संग्रह उघडा असतो. कमी खपलेला, तुम्हाला मनापासून आवडलेला अल्बम घ्या, त्याचे दहा खरेदीदार उघडा आणि ज्याच्याकडे तुमच्या ओळखीचे आणखी दोन-तीन दुर्मीळ अल्बम आहेत त्याला धरून ठेवा. हजारो खरेदीदार असलेल्या अल्बमवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सगळ्या आवडीनिवडीची गर्दी असते. विकत घेताना बँडकॅम्प शुक्रवार आला का बघा. त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनं मोजतात, म्हणजे भारतात तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, थंडीत दीडला सुरू होतो. कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवा, नाहीतर पैसे अडकतात. उतरवून घेताना फ्लॅक हे आवाजात काही न गमावणारं स्वरूप निवडा. मंद होत जाणारी आस आणि शांततेतली कुजबुज कमी दर्जाच्या एमपीथ्रीत आधी जाते.

यूट्यूबनं या संगीताचं खूप भलं केलं आहे. ताकादाचा अल्बम २०१७ मध्ये पुन्हा निघण्याआधीच तिथल्या शिफारशींमुळे लाखो लोकांपर्यंत पोचला होता. पण नवं शोधायचं तर शिफारशी बाजूला ठेवा. ज्यानं एक दुर्मीळ कॅसेट चढवली आहे त्याच्या वाहिनीवरचे सगळे व्हिडिओ जुन्यापासून नव्याकडे बघत जा. जपानी संगीतासाठी नाव जपानी लिपीतलं डिस्कॉग्सवरून उचलून शोधखिडकीत चिकटवा, निकाल पार बदलतात. इंटरनेट आर्काइव्हवरही कॅसेटवरून उतरवलेलं बरंच आहे.

सावध कुठे राहायचं? ‘१९८४ ची हरवलेली जपानी कॅसेट’ असा मथळा, सुंदर चित्र, आणि खाली ना लेबल, ना क्रमांक, ना वादक. आता यंत्रानं बनवलेलं असलं पुष्कळ फिरतं. डिस्कॉग्सवर नोंद नाही, आवरणाच्या मागच्या बाजूचा फोटो नाही, कॅटलॉग क्रमांक नाही, असे तीन नकार मिळाले तर वहीत घेऊ नका. माणसांनी रचलेली बनावटही असते, मात्र तिची जात वेगळी. २०११ मध्ये ‘सायन्स ऑफ द सी’ हा अल्बम युर्गेन म्युलर नावाच्या समुद्रशास्त्राच्या विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकातलं काम म्हणून आला. तो प्रत्यक्षात नॉर्म चेंबर्स या अमेरिकी संगीतकाराचा होता. संगीत उत्तमच आहे, जरूर ऐका. फक्त त्या कथेवरून पुढचा माग काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आपल्या अंगणातले धागे

न्यू एजच्या इतिहासात पुणे हे खरं ठिकाण आहे. जर्मन संगीतकार डॉइटर १९७० च्या दशकात कोरेगाव पार्कच्या रजनीश आश्रमात राहिला, चैतन्य हरी हे नाव त्यानं घेतलं आणि तिथल्या सक्रिय ध्यानांसाठी संगीत केलं. ते ऐकताना ध्यानाचा आराखडा जवळ ठेवा, म्हणजे रचना उलगडते. कुंडलिनी ध्यानाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे, नादब्रह्मचे तीस, पंधरा आणि पंधरा मिनिटांचे तीन. संगीत कुठे बदलतं हे घड्याळानं ठरवलेलं आहे. त्याचं आधीचं काम, १९७१ चा ‘डी’ आणि १९७२ चा ‘ऑम’, म्युनिकच्या कुकुक लेबलचं. तिथे तो अजून सायकेडेलिक आहे, खरखरीत आणि प्रयोगशील. एका माणसाच्या दोन टोकांत हा सगळा प्रवास दिसतो.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातून आपल्याकडे येतो. अ‍ॅलिस कोल्ट्रेन या जॅझ वादक-संगीतकर्तीनं आपल्या आश्रमात भजनं गायली आणि १९८२ पासून त्यांच्या कॅसेट आश्रमापुरत्या काढल्या. सिंथेसायझरचे वर चढत जाणारे सूर, ऑर्गन, टाळ्या आणि संस्कृत शब्द. भजनं ऐकत वाढलेल्या मराठी कानाला यात जे ऐकू येईल ते इतरांना येणं कठीण. २०१७ मध्ये लुआका बॉप या लेबलनं त्यातली निवड पुन्हा काढली.

भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी ‘द एनआयडी टेप्स’ घ्या. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीनं १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला. तिथल्या टेप पॉल पुर्गस यानं धुंडाळल्या आणि १९६९ ते १९७२ मधलं निवडक काम २०२३ मध्ये बाहेर आलं. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा ही नावं तिथे भेटतात. मुंबईचं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतातले हे वादक. त्यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवले. रेकॉर्ड निघाली आणि विसरली गेली. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत ती सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. ही शांत रेकॉर्ड नव्हे, पण धडा मोठा आहे. आपल्या चित्रपटांच्या रेकॉर्डवर साथीच्या वादकांची नावं सहसा छापत नसत, त्यामुळे इथे नावांचा माग तुटतो. चित्रपटांचे ढीग सोडून वाद्यसंगीत, ध्यान आणि भक्तीचे ढीग चाळा, मग तो चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार.

गोवा म्हटलं की हणजुणेच्या किनाऱ्यावरचा ट्रान्स आठवतो. त्याची शांत फांदी हवी असेल तर ‘गोवा’ हा शब्द टाकू नका, हजारो वेगवान रेकॉर्डांखाली दबाल. फ्रान्सच्या लियों शहरातल्या अल्टिमे लेबलची यादी वरपासून खालपर्यंत ऐका. एक्टोप्लाझम या संकेतस्थळावर कलाकारांच्या परवानगीनं मोफत दिलेलं सायकेडेलिक संगीत आहे, त्यात डाउनटेम्पो आणि अ‍ॅम्बियंट वेगळं काढता येतं.

विकत घेण्याआधी: आवृत्ती कोणती?

एकाच नावाखाली दोन वेगळे अल्बम असू शकतात. योशिमुराच्या १९८६ च्या ‘ग्रीन’चा अमेरिकी अवतार पाण्याचे आणि पाखरांचे आवाज मिसळून निघाला, मूळ जपानी आवृत्तीत ते नाहीत. अ‍ॅलिस कोल्ट्रेनचा ‘तुरिया सिंग्ज’ १९८२ चा, सिंथेसायझर आणि तंतुवाद्यांसह. २०२१ च्या ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’मध्ये फक्त आवाज आणि ऑर्गन. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत, पण कोणता ऐकला हे वहीत लिहिलं नाही तर पुढे घोळ होतो.

जुनी रेकॉर्ड मागवताना प्रतवारी या संगीतासाठी एक पायरी कडक धरा. रॉकच्या गोंगाटात व्हीजी (व्हेरी गुड) दर्जाची चरचर झाकली जाते. इथे दोन सुरांमधल्या शांततेत ती टकटक ऐकू येते, म्हणून व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नका. टपालखर्च आणि दारात मागितलं जाणारं कस्टम शुल्क धरूनच किंमत ठरवा. त्याच विक्रेत्याकडून तीन रेकॉर्ड एकत्र घेतल्या की दर रेकॉर्डमागे टपाल बरंच उतरतं. पुनर्प्रकाशन उपलब्ध असेल तर तेच घ्या, कारण जुन्या प्रतीचे पैसे कलाकाराला मिळत नाहीत.

कॅसेट हाती लागली तर

वाजवायची घाई नको. आधी फितीमागची छोटी दाबगादी बघा. गोंद सुकून ती गळते, मग उंच सूर मंद होतात आणि आवाज येतो-जातो. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर सर्रास. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली तर त्याच्या डोक्यावर (फीत वाचणाऱ्या भागावर) बुरशी बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. डेकची डोकी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

मग डोक्याचा कोन. डेकच्या डोक्याशेजारचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत, दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐका. उंच सूर सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा. कॅसेटवर डॉल्बी बी लिहिलं असेल तरच ते बटण दाबा. नसताना दाबलंत तर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो.

ऑडॅसिटी या संगणकावरच्या मुद्रण-प्रोग्राममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी जागा लागते, फ्लॅक केल्यावर बरीच कमी. सी सी असा जो आवाज राहतो तो काढायचा मोह टाळा. खरखर काढणारा फिल्टर जोरात लावला की लांब आस पाण्याखाली बुडबुडल्यासारखी होते आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही. मूळ प्रत जशीच्या तशी जपा. शेवटी आवरणाच्या दोन्ही बाजू, आतली घडी आणि कॅसेटवरचा कागद यांचे फोटो काढा आणि डिस्कॉग्सवर नोंद नसेल तर करा. त्या घडीवर बारीक अक्षरात छापलेलं एखादं ध्वनिमुद्रकाचं नाव दुसऱ्या कुणासाठी पुढचा माग असतं.